प्रश्न स्पष्ट नाही

९ जानेवारी

आत्या,

नमस्कार पोचला असं समज. तुझ्या ठमीचं अक्षर बघून चष्मा दोनदा पुसला असशील. सव्वीस वर्षं वाढदिवसाला दोन ओळींचं कार्ड पाठवणारी पोरगी आज पानंच्या पानं लिहायला बसलीय म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तू ओळखलंच असणार. फोन केला असता, पण फोनवर तू ऐकतेस कमी आणि बोलतेस जास्त. एकच अट आहे. हे पत्र लाल पेनने तपासून परत पाठवायचं नाही. हसू नकोस, खरंच सांगतेय.

मी संध्याकाळचा वर्ग घेते हे तुला माहीत आहे. दूरदूरच्या देशांतून इथे कामाला आलेली मोठी माणसं, त्यांना इथली भाषा शिकवायची. वर्ग एका लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर भरतो. खाली यंत्रं सुरू झाली की वरची बाकं थरथरतात, आणि मी बोर्डावर लिहिते ते सगळं वाकडं येतं. वर्गात बस चालवणारे काका आहेत, एक न्हावी आहे, आणि एक बाई आहे, तिला मी मनातल्या मनात तुफान म्हणते. दार उघडते तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर हलतं. ती हॉस्पिटलात म्हाताऱ्यांच्या वॉर्डात मदतनीस आहे. पेशंटला भरवायचं, पुसायचं, कुशीवर वळवायचं, आणि पाळी संपली की पुढच्या बाईसाठी वहीत नोंद लिहून ठेवायची.

हॉस्पिटलने आता भाषेची परीक्षा ठेवली आहे. तुफान पहिल्या खेपेला सपशेल नापास झाली. ३ मार्चला दुसरी आणि शेवटची संधी. त्यातही गेली तर तिला वॉर्डातून काढून तळघरात चादरी मोजायला बसवणार. मला म्हणाली, चादरी माझ्याशी बोलत नाहीत, बाई.

काल ती आली आणि वही माझ्या टेबलावर आपटली. एकेक पान उलटत मोठ्याने वाचायला लागली. छान. छान. खूप छान. मस्त. छान. सगळे मीच लिहिलेले शेरे. आठ महिन्यांत बेचाळीस वेळा. सगळा वर्ग बघतोय. मग म्हणाली, "बेचाळीस वेळा छान, तर मग मी नापास कशी झाले?"

आत्या, मी कुणाच्याच चुका दाखवत नाही. पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं. का, ते विचारू नकोस. पण आता सात आठवडे उरलेत आणि काल रात्रीपासून माझं कशात म्हणून लक्ष नाही. चहा ठेवते आणि विसरते. तू उभा जन्म वह्या तपासण्यात घालवलास. माणूस न मोडता त्याची चूक कशी दाखवायची, एवढं सांग.

तुझी
ठमी

१६ जानेवारी

ठमे,

आशीर्वाद आहेतच, ते काही दर पत्राला नवे काढावे लागत नाहीत. पत्र परत पाठवत नाही, तुझी अट पाळली. तिसऱ्या पानावर दोन चुका आहेत. कुठल्या ते सांगत नाही, बस तळमळत.

बेचाळीस वेळा छान! अगं, तू मास्तरीण आहेस की कापडाच्या दुकानातली विक्रेती? कुठलाही रंग अंगाला लावला तरी "तुम्हाला काय खुलून दिसतंय" म्हणणारी? त्या बाईचं मला कौतुक वाटलं. वही आपटली ते बरंच केलं. मी असते तर टेबल उलटं केलं असतं.

मी चौतीस वर्षं वह्या तपासल्या आणि जाणूनबुजून एक चूक सोडली नाही. चूक सोडून द्यायची म्हणजे काय, तर मुलाला न बोलता सांगायचं की बाबा रे, तुझ्याकडून याहून जास्त अपेक्षाच नाही. यापरता अपमान नाही. माणूस मोडतो बिडतो हे सगळं आजकालचं खूळ आहे. लाल पेन घे, सगळ्या चुकांवर खूण कर, खाली आकडा लिही, वही हातात दे. कानशिलं तापतील. तापू देत.

तुझंच आठव. होस्टेलवरून दर रविवारी मला पत्र लिहायचीस. मी तपासून, खाली दहापैकी मार्क घालून उलट टपाली परत करायचे. आज भाषा शिकवून खातेस ती त्याच्या जोरावर. पुढे मधेच कंटाळलीस आणि लिहिणं सोडलंस. त्या वयात मुली कंटाळतात, मी मनाला लावून घेतलं नाही.

इकडे बरं आहे. पाय मात्र एका जागी ठरत नाहीत. गॅलरीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून गॅलरीत. सकाळी वर्तमानपत्र तपासते, लाल करते, संपादकाला पाठवते. संपादक मुका आहे.

सगळ्या चुका दाखव. निकाल कळव.

आत्या

३० जानेवारी

आत्या,

केलं तुझ्या मनासारखं. काही ठीक झालं नाही.

"माझ्या कामावरचा एक दिवस" असा निबंध दिला होता. तुफानने दोन पानं भरून लिहिलं, कधी नव्हे ते. मी लाल पेन विकत आणलं. घरी बसून एकेक ओळ घेतली. जिथे औषध "दिलं" म्हणायचंय तिथे ती "द्यायचंय" लिहिते, मधे भलतीच वाक्यं घुसवते, काळवेळेचा तर पत्ताच नाही. एकतीस चुका निघाल्या. एकतीस म्हणून खाली लिहिलं, त्याला गोलही केला. खोटं कशाला बोलू, गोल करताना बरं वाटलं. काहीतरी काम केल्यासारखं.

मंगळवारी वही दिली. तिने पान बघितलं, उलटं करून मागे बघितलं, परत पुढे बघितलं. मला वाटलं आता आपटेल. नाही आपटली. वही पिशवीत ठेवली, कोट घातला आणि गेली. दार इतकं हळू लावलं की कॅलेंडर जागचं हललं नाही.

त्यानंतर तीन वर्ग झाले. आली नाही. बसवाले काका म्हणाले, ती त्यांच्या बसमध्ये असते रोज, पण आमच्या थांब्यावर उतरत नाही. खिडकीतून दुसरीकडे बघते.

आता काय करू? लवकर लिही. टपाल आलं का म्हणून मी दिवसातून चारदा जिना उतरते.

ठमी

४ फेब्रुवारी

ठमे,

एवढी घाबरगुंडी उडायला काय झालं? येईल परत. दोन दिवस फुगून बसतात आणि येतात. माझ्या हाताखालून एवढी पोरं गेली, लाल पेनाला भिऊन एकही सोडून गेलं नाही. तू पहिल्यांदाच पेन उचललंस म्हणून तुझाच हात कापतोय. तिच्या मागे धावू नकोस, सवय लागेल.

आणि तू मला हे सगळं असं लिहितेस जणू मी तुला विष घालायला सांगितलं. पहिल्या पत्रात "का ते विचारू नकोस" म्हणालीस. मी विचारलं नाही. पण डोक्यात भुंगा सोडून ठेवलास ना? काल दूध उतू गेलं त्यापायी.

एकतीस फार नाहीत. माझ्याकडे सत्तरवालेही होते.

आत्या

११ फेब्रुवारी

आत्या,

मी धावले तिच्या मागे. तुझं पत्र यायच्या आधीच गेले होते.

हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी, पाळी बदलते त्या वेळेला उभी राहिले. पाऊण तास येरझाऱ्या घातल्या. पहारेकऱ्याने दोनदा विचारलं, तुमचं कोण ॲडमिट आहे. शेवटी ती आली. मला बघून म्हणाली, "बत्तिसावी सापडली का?" हे वाक्य तिने अगदी बिनचूक म्हटलं, हसावं की रडावं कळेना.

बाकावर बसलो. मी माफी मागायला लागले, म्हटलं, चुका जरा जास्तच दाखवल्या. ती म्हणाली, "चुकांचं नाही. चुका तर मीच मागितल्या. तुम्ही माझा निबंध वाचला का?" मी म्हटलं, वाचला, ओळन् ओळ. "मग सांगा, त्यात काय आहे?"

आत्या, मला सांगता आलं नाही. औषध आठवलं, काळ आठवले. गोष्ट आठवेना.

तिने वही काढून पुढे केली आणि मी तिथे, त्या बाकावर, पहिल्यांदा तो निबंध वाचला. सात नंबरच्या खाटेवर एक आजोबा आहेत. रोज संध्याकाळी विचारतात, मुलाचा फोन आला का. फोन कधीच येत नाही. ती नाही म्हणाली की ते जेवत नाहीत. म्हणून हल्ली ती सांगते, आला होता, तुम्ही झोपला होतात. मग ते जेवतात. शेवटची ओळ मला विचारलेली होती. "बाई, मी चूक करते का?" त्या ओळीखाली मी लाल रेघ मारली होती आणि शेजारी लिहिलं होतं, वाक्यरचना तपासा.

तिथेच मला सगळं कळलं. मी जन्मभर तुझ्यासारखी व्हायचं नाही म्हणून धडपडले आणि पहिल्यांदा पेन हातात घेतल्याबरोबर हुबेहूब तू झाले.

विचारू नकोस म्हटलं होतं, आता न विचारता सांगते. मी कंटाळून लिहिणं सोडलं नाही. सोबत एक कागद पाठवतेय, तो वाच. मी तेरा वर्षांची होते, बाबा नुकतेच गेले होते, तेव्हा होस्टेलवरून तुला लिहिलेलं शेवटचं पत्र. सव्वीस वर्षं माझ्या कपाटात आहे. चार घरं बदलली, बरोबर नेलं.

वाचवत नसेल तर सांगते काय आहे. बाबा शेवटचे मला भेटायला आले ते कामावरून थेट. रंगाऱ्याचे कपडे, नखांत निळा रंग. मैत्रिणी बघत होत्या. मी म्हटलं, बाबा, पुढच्या वेळी फाटकाबाहेरच थांबा. ते बरं म्हणाले. पुढची वेळ आलीच नाही, तीन आठवड्यांत गेले. त्या दिवशी होस्टेलवरून निघून ते तुझ्याकडे उतरले होते, हे मला माहीत होतं. आईला विचारायची हिंमत नव्हती. म्हणून तुला विचारलं, "आत्या, त्यांना वाईट वाटलं होतं का? तुला काही म्हणाले का?"

त्याच्या समोर समासात तुझ्या सुंदर अक्षरात काय लिहिलंय बघ. "प्रश्न स्पष्ट नाही. कोणाबद्दल, ते स्पष्ट लिही." आणि खाली, दहापैकी साडेसहा.

मला खरंच जाणून घ्यायचंय आत्या, साडेसहा कशाचे दिलेस?

ठमी

२४ फेब्रुवारी

आत्या,

तेरा दिवस झाले. तुझं उत्तर नाही. शेजारच्यांना फोन केला, ते म्हणाले ठीक आहेत, गॅलरीत फेऱ्या मारताना दिसतात. म्हणजे पत्र मिळालंय.

रागाच्या भरात पाठवलं. पाठवायला नको होतं असं सकाळी वाटतं आणि बरं झालं पाठवलं असं संध्याकाळी वाटतं.

तुफान वर्गात यायला लागली आहे. त्या दिवशी बाकावर मी आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. म्हटलं, चूक की बरोबर मला सांगता येणार नाही, पण तुझ्या जागी मी असते तर मीही फोन आला म्हणूनच सांगितलं असतं. तिने वही उघडून माझ्या मांडीवर ठेवली. मग स्वतःच म्हणाली, आता औषधाचं सांगा. तेवढं एकच घेतलं त्या दिवशी. तिला विचारलं, रात्रीच्या बाईने "द्यायचंय" वाचलं आणि आजोबांना तेच औषध परत दिलं तर? ती ताडकन उभी राहिली. एकतीसपैकी ती एक चूक तिला अशी लागली की आता मरेपर्यंत व्हायची नाही. आता रोज आधी तिच्या वॉर्डाची हकिगत ऐकते, मग एकच चूक, जी कुणाच्या तरी जिवावर बेतेल ती. बाकीच्या राहू देते. हात शिवशिवतो, पण राहू देते. तुफान मात्र मला सोडत नाही. काल वही परत आणून माझ्यावरच डाफरली, "इथे छान का लिहिलंत? काय छान आहे ते लिहा."

परीक्षा आठ दिवसांवर आली. मला झोप नाही. तू चार शब्द लिही. रागावून लिही, पण लिही.

ठमी

२७ फेब्रुवारी

ठमे,

पत्र मिळालं. पंधरवडाभर टेबलावर आहे. मी त्याच्याभोवती फिरतेय.

पहिल्या दिवशी वाटलं, हे माझं अक्षरच नाही. मग वाटलं, त्या काळी मला वह्यांचे गठ्ठे असायचे, त्यात चुकून गेलं असेल. सबबी शोधायला मला कुणी शिकवायला नको, चौतीस वर्षं पोरांच्या ऐकल्यात. शेवटी परवा खुर्चीत बसले आणि खरं काय ते आठवलं.

तुझं पत्र आलं तेव्हा तुझ्या बापाला, माझ्या पाठच्या भावाला जाऊन अकरा दिवस झाले होते. पहिल्या ओळीलाच डोळ्यांपुढे अंधार आला. तीनदा ठेवलं, तीनदा उचललं. मग लाल पेन घेतलं. पेन हातात असलं की मला काहीही वाचता येतं, ठमे. चुका बघत बघत खाली उतरता येतं. पेन नसतं तर मी ते शेवटपर्यंत वाचूच शकले नसते. तुझा प्रश्न मला लख्ख कळला होता. उत्तर द्यायला लागू नये म्हणून मी तो अस्पष्ट ठरवला. एका तेरा वर्षांच्या पोरीला. साडेसहा कशाचे दिले ते मला माहीत नाही. मला शून्य दे.

आता उत्तर. मी तुला "छे गं, त्याला काही वाटलं नव्हतं" असं लिहू शकते. सात नंबरच्या आजोबांना ते चालतं. तुला चालणार नाही, तू दुसऱ्या दिवशी माझ्या दारात वही आपटशील.

त्याला वाईट वाटलं होतं. संध्याकाळी माझ्याकडे आला, चहा घेतला नाही. हसून म्हणाला, "ताई, तुझी भाची मोठी झाली, मला फाटकाबाहेर उभं करते." मग घासलेट मागितलं आणि मोरीत बसून नखं घासत राहिला. अर्धा तास. मी म्हटलं, अरे कातडी निघेल. म्हणाला, निघू दे.

राग नव्हता. राग आला की तो गप्प व्हायचा हे तुला माहीत आहे. त्या दिवशी तोंड बंद नव्हतं त्याचं. पोरींच्या घोळक्यात तू सगळ्यांत उंच दिसलीस हे मला चारदा सांगितलं. जाताना म्हणाला, भेटायच्या आधीचे दोन दिवस आता काम घ्यायचं नाही, हात कोरे करून जायचं. मुकादमाला तसं सांगूनही ठेवलं होतं त्याने. फाटकाबाहेर थांबायचा विचार त्याचा मुळीच नव्हता. हात धुऊन आत यायचं ठरवलं होतं.

हे तुला तेव्हाच कळायला हवं होतं. माझ्यामुळे सव्वीस वर्षं उशीर झाला. त्याला माफी बिफी मागता येत नाही, एवढी मोठी आहे ती चूक. पण माझी आहे, आणि मी ती लिहून देते.

त्या तुफानला सांग, आत्याने सांगितलंय, पास हो.

आत्या

१४ मार्च

आत्या,

तुझं पत्र परीक्षेच्या आदल्या दिवशी आलं. वर्गाला जाताना बरोबर घेतलं आणि तिथल्या जिन्यातच बसून वाचलं. खालची यंत्रं चालू होती, पायऱ्या थरथरत होत्या, आणि मी इतकी रडले की लॉन्ड्रीवाली बाई टॉवेल घेऊन वर आली. अंगाखांद्यावर कधीचं बसलेलं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. अजून अधूनमधून रडू येतं, पण येऊ देते. सगळ्यांत उंच, असं म्हणाले ना ते?

आता निकाल. तुफान पास झाली. काठावर झाली, दोन मार्कांनी, पण झाली. तोंडी परीक्षेत त्यांनी विचारलं, पेशंट रडत असेल तर काय कराल. ती म्हणाली, आधी तो काय सांगतोय ते ऐकेन, मग नोंद करेन. लेखीत औषधाची वेळ चोख लिहिली. काल वर्गात आली ती दार भिंतीवर आदळतच, कॅलेंडर खाली पडलं. तळघर टळलं. सात नंबरला अजून फोन आलेला नाही, पण ती म्हणते मुलाचा नंबर आता तीच शोधणार आहे, आता तिला फोनवर भांडता येतं.

मी तुला शून्य देणार नाही. मला शेरे बदलायची परवानगी आहे ना? तुझ्या २७ तारखेच्या पत्रावर मी पेन्सिलने एवढंच लिहिलं आहे. प्रश्नाचं उत्तर पूर्ण दिलं.

आणि ऐक. हे पत्र लाल पेनने तपासून परत पाठव. सगळ्या चुका दाखव, पहिल्या पत्राच्या तिसऱ्या पानावरच्या त्या दोनसुद्धा, दोन महिने डोकं खाल्लंय त्यांनी माझं. मार्कही घाल. पण त्याआधी माझ्या एका प्रश्नाचं उत्तर दे. तू माझ्याकडे राहायला कधी येतेस?

प्रश्न स्पष्ट आहे. उत्तरही स्पष्ट लिही.

तुझी
ठमी